मोहल्ला समित्या आणि भिवंडी



यंत्रमागांच्या भिवंडीने १९७० व १९८४ साली भीषण दंगली सोसल्या. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी पोलिसांसमवेत नियमित बसू लागले. विषय लहानच असत. नळावरचे भांडण, गल्लीतील तंटा, एखादी अफवा. (उधारी तुंबण्यापूर्वीच तगादा लावणारा व्यापारी हे शहाणपण तत्काळ ओळखील!) डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. याचे श्रेय बंदोबस्तापेक्षा बैठकींना अधिक द्यावे लागेल. पेठेतील व्यापारी मात्र तक्रारीवाचून चौकीची पायरी क्वचितच चढतो. मुंबईत ही चळवळ उभी राहिली ती दंगलीनंतर, १९९४ साली.