हजेरीपटावर आहे, नोंदीत नाही



आजचा विषय सरकारी शाळांतल्या विशेष शिक्षणाचा आहे. मी शिक्षक नाही, डॉक्टरही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामात रोज एक गोष्ट दिसते: जी माहिती सिस्टीममध्ये भरलेलीच नाही, तिच्यावर सिस्टीम काही करत नाही. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळांत दिव्यांग मुलांना मिळणारी मदतही अशीच चालते. मूल शाळेत येतं, हजेरी लागते, पण त्याची गरज कुठेच लिहिलेली नसते. मग मदत कुणाला पाठवायची?

आधी हक्क काय आहे ते पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. अंधत्व आणि पायाचं अपंगत्व आपल्याला लगेच कळतं. पण त्या यादीत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, बौद्धिक दिव्यांगत्व आहे. सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलांना इतरांबरोबर शिकवलं पाहिजे आणि त्यासाठी लागणारी सोय केली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तोही जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. 'नाव सांगितलं तर मुलाला वेगळ्या शाळेत टाकतील' ही भीती आपल्याकडे फार आहे. पण निवड घरच्यांची आहे, हे लक्षात ठेवा.

पैशाची तरतूदही आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत खर्च धरलेला असतो. त्यातून श्रवणयंत्र, व्हीलचेअर, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तकं, थेरपी, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता अशा गोष्टी होतात. मुलींना महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने, वेगळे मिळतात. जे मूल शाळेत येऊच शकत नाही, त्याला घरी जाऊन शिकवण्याची सोय आहे. हे काम तालुक्याला गट साधन केंद्रातून आणि मोठ्या शहरांत शहर साधन केंद्रातून चालतं. विशेष शिक्षक तिथूनच शाळाशाळांत फिरतात.

हे शिक्षक कमी आहेत, हे खरं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करून भरती करायलाही सांगितलं. आता हिशोब करा. प्रमाण मुलांच्या संख्येवर आहे. ज्या शाळेत वीस मुलांना गरज आहे पण नोंद तिघांचीच आहे, तिथे शिक्षक कोणत्या आकड्यावर मागणार? एक मूल लपवलं की त्याचं नुकसान होतंच, पण शेजारच्या मुलाचंही होतं.

आपण लपवतो का? लोक काय म्हणतील म्हणून. मोठ्या बहिणीच्या रिश्त्याला अडचण येईल म्हणून. 'दुआ करतोय, होईल बरा' म्हणून. दुआ आणि दवा यांच्यात भांडण नाही. दुआ करा, आणि कानाची तपासणीही करा. आमच्या मोहल्ल्यात चौथीतली एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. लक्ष देत नाही, उलट उत्तरही देत नाही, गप्प बसते, अशी तक्रार होती. कान तपासल्यावर कळलं, तिला मागून काही ऐकूच येत नव्हतं. तोवर तिच्या शिक्षणाची तीन वर्षं गेली होती.

उर्दू माध्यमाच्या मुलांबाबत एक गुंता आहे. कोकणातल्या किंवा देशावरच्या आपल्या कितीतरी घरांत मराठी किंवा दख्खनी बोलतात. शाळेत उर्दू, सोबत मराठी आणि इंग्रजी. तीन लिप्या, त्यातली एक उजवीकडून डावीकडे. अशा मुलाचं वाचन अडलं तर कारण घरची भाषा वेगळी असणं हे असेल, नजर कमी असणं असेल, किंवा खरोखर अध्ययन अक्षमता असेल. त्याला 'ढ' म्हणणं सगळ्यात सोपं. म्हणून आधी डोळे आणि कान तपासा. मग ज्या भाषेत मूल घरी बोलतं, त्या भाषेत तपासणी मागा. एन.सी.ई.आर.टी.चं 'प्रशस्त' नावाचं ॲप आहे. त्यात वर्गशिक्षकांना पहिली चाचपणी करता येते. ते निदान नव्हे, पण पुढे कुठे पाठवायचं हे त्यातून कळतं.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यायची. दहावीला दर तासामागे वीस मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो, पण त्याला कागद लागतो. अनेकजण दहावीच्या डिसेंबरात जागे होतात. हे काम पाचवी-सहावीतच हाती घ्या. आणि प्रमाणपत्र यायला उशीर होतोय म्हणून वर्गातली मदत थांबवू देऊ नका. पुढच्या बाकावर बसवणं, तोंडी उत्तर घेणं, फळ्यावरचं मोठ्याने वाचणं याला कुठलाच कागद लागत नाही.

तुम्ही शिकलेले आहात, मोबाईलवर फॉर्म भरता. मोहल्ल्यातल्या एका घरासाठी एवढं करा. अम्मी-अब्बांसोबत मुख्याध्यापकांकडे जा. यू-डायस प्लसमध्ये मुलाची दिव्यांगत्वाची नोंद आहे का, विचारा. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महिन्याभरात काही झालं नाही, तर गट साधन केंद्रात जा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या सदस्य महिला. आपल्या खाला, चाची तिथे सही करून परत येतात. पुढच्या बैठकीत त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा: आपल्या शाळेत विशेष गरजा असलेली मुलं किती नोंदली आहेत, आणि विशेष शिक्षक शेवटचे कधी आले होते? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.