मागे राहिलेला गड

जुलै उजाडला की पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे मोहिमा निघतात. चिखल तुडवत, घोषणा देत तरुण पोरं बाजीप्रभूंची वाट चालतात. शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचले, गोष्ट संपली! मागे राहिलेल्या पन्हाळ्याचं पुढं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

पन्हाळा गेला. जुलै १६६० मध्ये महाराज वेढ्यातून निसटले आणि सप्टेंबरात त्यांनी तो गड विजापूरच्या आदिलशहाला देऊन टाकला.

ज्या गडासाठी चार महिने आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा सोसला, राजापूरच्या इंग्रजांच्या तोफा अंगावर घेतल्या, शिवा काशीदसारखा माणूस गमावला, तो असा सोडायचा? इथं आपल्याला भाड्याचं घर सोडताना गलबलून येतं. पण महाराजांपुढं एकटा पन्हाळा नव्हता. मोगलांचा शायिस्ताखान पुण्यात ठाण मांडून बसला होता, ऑगस्टात चाकणही पडलं होतं. विजापूरकर आणि मोगल, दोघांशी एकदम झुंजणं परवडणारं नव्हतं. गड दिला आणि एक बाजू मोकळी करून घेतली.

पुढं लगेच दिवस पालटले असंही नाही. मोगलांशी झालेल्या पुरंदरच्या तहानंतर, जानेवारी १६६६ मध्ये महाराजांनी रात्रीच्या अंधारात पन्हाळ्यावर हल्ला केला. तो फसला. हजाराच्या आसपास माणसं खर्ची पडली. वेळेवर न पोहोचल्याचा ठपका सरनौबत नेताजी पालकरांवर आला आणि ते विजापूरकरांना जाऊन मिळाले. त्याच वर्षी आग्र्यात मोगलांची नजरकैद. एका वर्षात माणसानं आणखी किती सोसावं?

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद अवघी साठ माणसं घेऊन रात्री कडा चढला. वर जाताच चहूबाजूंनी कर्णे फुंकले. गडावरच्यांना वाटलं, मोठी फौजच आली! किल्लेदार मारला गेला आणि हजारांना न साधलेलं काम साठांनी केलं. त्यावर जयराम पिंड्ये यांनी संस्कृतात 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' रचलं. गड परत यायला बारा वर्षांहून अधिक काळ गेला होता.

गडावर आजही वस्ती आहे आणि पर्यटकांवर तिथल्या कितीतरी चुली पेटतात. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीनं मुख्य रस्ताच खचला, गाड्या वर येईनात. २०२५ च्या जुलैत हाच पन्हाळा आणखी अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हाही पाऊस होताच, आणि पावनखिंडीकडे निघालेली पोरंही.