जीवामृताचा ड्रम उतू जातो तेव्हा

घाटंजी तालुक्यात पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनला जीवामृत देणारे शेतकरी आता गावोगावी दिसतात. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे श्री. सुभाष पाळेकर यांनी ही पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. जीवामृत कसे करायचे हे तुम्हांला ठाऊकच आहे. आज बोलायचे आहे ते त्याच्या आंबण्याविषयी, म्हणजे ड्रममध्ये जोराचा फेस येतो, रबडी उतू जाते, कॅन फुगतो, तेव्हा काय करावे याविषयी.

आधी हे होते कशाने ते पाहू. मोहफुलं भिजवून ठेवली की भांड्यात कशी खदखद सुरू होते, तोच हा प्रकार. शेणातले आणि मातीतले सूक्ष्मजीव गुळातली साखर खातात, वाढतात आणि कर्बवायू सोडतात. दोन किलो गुळातली साखर पुरती आंबली, तर ढोबळ हिशेबाने दोनशे लिटरचे दोन ड्रम भरतील एवढा वायू तयार होऊ शकतो. बेसनामुळे फेस चिवट होतो, लवकर फुटत नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर जातो. हिवाळ्यात सावकाश चालणारे काम अशा उन्हात फार झपाट्याने होते. म्हणून फेस आला की घाबरू नका. तो जिवंतपणाची खूण आहे. फक्त त्याला जागा आणि वाट द्या.

पहिली गोष्ट जागेची. दोनशे लिटरचा ड्रम काठोकाठ भरू नये. वरून एक वीत तरी रिकामी ठेवावी. मग साहित्यही त्याच मानाने घ्यावे: शेण साडेसात किलो, गोमूत्र साडेसात लिटर, गूळ दीड किलो, बेसन दीड किलो, बांधावरची मूठभर माती, आणि वीतभर जागा राहील एवढेच पाणी. लवकर आंबावे म्हणून जास्तीचा गूळ टाकू नका. त्याने फेस वाढतो आणि पैसाही जातो.

दुसरी गोष्ट सावलीची आणि हवेची. ड्रम झाडाखाली किंवा गोठ्याच्या सावलीला ठेवावा. तोंडावर बारदान बांधावे, घट्ट झाकण लावू नये. बारदानातून वायू निघून जातो आणि माशा आत जात नाहीत. सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीने ढवळावे. भर उन्हाळ्यात दुपारीही एकदा ढवळलेले बरे. ढवळले की अडकलेला वायू सुटतो आणि फेस बसतो. तरीही उतू जात असेल तर दोन बादल्या काढून वेगळ्या ठेवा. गुऱ्हाळात काहिलीतला फेस बसवायला तेल टाकतात ना, तसे गोडेतेलाचे चार थेंब इथेही चालतात.

वासाकडेही लक्ष ठेवा. आंबूस वास आला तर काम ठीक चालले आहे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडते आहे असे समजा आणि ढवळणे वाढवा. ४८ तासांनी जीवामृत वापरायला घ्यावे आणि सात दिवसांच्या आत संपवावे. जमिनीत ओल असतानाच ते द्यावे.

आता धोक्याचे बोलू. ते नीट ऐका.

तयार जीवामृत कॅनमध्ये भरून, बूच घट्ट आवळून उन्हात बंडीत ठेवू नका. आंबणे थांबलेले नसते. कॅन फुगतो, फुटतो किंवा बूच तोंडावर उडते. डोळा जाऊ शकतो. काचेची बाटली तर मुळीच वापरू नका. कॅन पाऊणच भरा आणि बूच सैल ठेवा. फुगलेला कॅन दिसला तर लेकरांना दूर करा, कॅनवर ओले पोते टाकून तो थंड होऊ द्या, तोंड बाजूला ठेवून बूच थोडे-थोडे फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबल्यावरच उघडा. फवारणी पंपातही ते रात्रभर ठेवू नका.

कीटकनाशकाचा रिकामा कॅन धुऊन वापरतो म्हणाल, तर तेही नको. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली, हे विसरू नका. धुतल्याने सगळे विष जात नाही. शिवाय जे जीव आपण दोन दिवस वाढवले, ते त्या उरलेल्या विषाने मरू शकतात.

काही जण जमिनीत सिमेंटचे टाके बांधून मोठ्या प्रमाणावर जीवामृत करतात. कर्बवायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. गाळात शेण कुजले की दुसरे विषारी आणि पेट घेणारे वायूही होतात. म्हणून टाक्यात उतरू नका, कंदील किंवा काडी पेटवून आत पाहू नका. गाळ वरूनच बादलीने किंवा पंपाने काढा. कोणी आत पडलाच तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. एकामागोमाग एक माणसे जातात ती अशीच. दोर टाका, माणसे बोलवा, १०८ ला फोन लावा.

शेवटी थोडक्यात सांगतो: ड्रम वीतभर रिकामा, तोंडाला बारदान, दोन वेळा ढवळणे आणि बूच सैल. एवढे सांभाळले तर जीवामृत वाया जाणार नाही आणि घरातल्या माणसालाही इजा होणार नाही. हा कागद गोठ्याच्या खांबाला लावून ठेवा आणि ड्रम ढवळणाऱ्या घरच्या प्रत्येकाला वाचून दाखवा.