पाणी दारात यायच्या आधी

(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेतलं भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मिरग तोंडावर आलाय. बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं, सगळ्याची जुळवाजुळव तुमची चालूच असेल. त्यात आज आणखी एका तयारीचं बोलायचंय, ते म्हणजे पुराच्या तयारीचं.

पंचगंगा-कृष्णेच्या काठावरच्या बायांना पूर काय असतो हे सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, ही सालं आपल्याला पाठ आहेत. २००५ ला पाणी जिथवर आलं तिथं लोकांनी भिंतीवर खूण केली. २०१९ ला पाणी त्याच्याही वर गेलं. म्हणून मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची हद्द समजू नका.

आपल्या गावात ऊन पडलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. पाऊस घाटमाथ्यावर पडतो, धरणाचे दरवाजे तिकडं उघडतात आणि पाणी आपल्याकडं चढतं. तेव्हा आभाळाकडं बघण्यापेक्षा नदीचा आकडा बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५ फूट. आता आपल्या गावचा आकडा काढायचा. बंधाऱ्यावर किती फूट पाणी झालं की आपला रस्ता बंद होतो, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारून वहीत लिहा.

हे का सांगतेय? ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बायका गेल्या, लेकरं गेली. बोट हा शेवटचा उपाय आहे. रस्ता उघडा आहे तोवर पायानं चालत बाहेर पडणं हीच खरी सुटका.

मग आपण वेळेवर का निघत नाही? कारण निघायचं की थांबायचं याचा वाद आपण रात्री, लाईट गेल्यावर, भर पावसात घालतो. त्या वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. म्हणून हा निर्णय आत्ता, कोरड्या दिवसात करायचा. आकडा ठरवायचा. तो आला की चर्चा नाही, निघायचं.

आणि घरचा माणूस का हलत नाही, तेही आपल्याला माहीत आहे. गोठ्यात म्हैस असते. म्हणून जनावरं आधी हलवायची. ती कुठं बांधायची, वैरण कुणाकडं ठेवायची, हे आजच ठरलं पाहिजे.

आता गटाचं काम. तलाठी-ग्रामसेवकांकडं घरांची यादी असते. पण कुठल्या घरात सातवा महिना भरलाय, कुणाची सासू अंथरुणाला खिळलीय, कुणाला रोज इन्सुलिन लागतं, कोण म्हातारी एकटीच राहते, हे आपल्याला माहीत असतं. प्रत्येक गटानं आपल्या गल्लीची यादी करायची. प्रत्येक अशा नावापुढं दोन बायांची नावं लिहायची. एक नसेल तर दुसरी जाईल. नाव न लिहिलेलं काम कुणाचंच नसतं.

गावातल्या शाळेत जाऊन बघून या. संडास किती, दार लागतं का, उजेड आहे का, पाण्याची टाकी धुतलीय का. तिथं आठ दिवस काढायची वेळ आपल्यावर येते.

आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, गटाची ठराव वही आणि शिक्का हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. खात्यावर २० रुपये आहेत का बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता जूनच्या आधी कापला जातो. पुरात बुडून मृत्यू झाला तरी त्यात २ लाखांचं संरक्षण असतं.

काही जणी म्हणतील, हे तर सरकारचं काम. सरकारचं आहेच. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पण १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या गावांत घरं दुरुस्तीच्या कामात महिला मंडळांच्या बायाच संवाद सहायक झाल्या. शासन आणि घर यांच्या मधे त्या उभ्या राहिल्या. भाकरी थापणाऱ्या हातांनी भिंतीला तारेची जाळी कशी बसवायची ते शिकून दुसऱ्यांना शिकवलं. आपल्याला तर नुसती यादी करायचीय.

तर या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी ठरावात घ्या: गावचा आकडा, गल्लीची यादी, जनावरांची जागा. ठराव ग्रामसंघात मांडा, तिथून ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या. पुढच्या सभेला येताना त्या ठरावाची नक्कल घेऊन या. कर्जाच्या हप्त्याआधी तीच वाचली जाईल.