शक्य तेवढे
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



 विषय कोणता घेऊ, असे मी चिटणीसबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, काहीही बोला, पण बायकांच्या उपयोगाचे बोला.” म्हणून मी संसदेविषयी बोलायचे ठरवले. आपल्यापैकी काहीजणी गालात हसत आहेत, हे मला येथून दिसते आहे. संसदेचा आणि आपला काय संबंध, असे त्यांच्या मनात आले असेल. तो संबंध आपल्या माजघरापर्यंत आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या दारी वर्षानुवर्षे मासळी घेऊन येणारी एक मावशी आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. एका पहाटे पाटी उचलताना ती पडली आणि मांडीचे हाड मोडले. मुलाने तिला एका मोठ्या रुग्णालयात नेले. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, आधी अनामत भरा, मग पुढचे पाहू. रक्कम ऐकून मुलगा मटकन खाली बसला. सून धावत घरी आली आणि सासूच्या पाटल्या घेऊन सराफाकडे गेली. मावशी बरी झाली, आता काठी टेकत हिंडते. पाटल्या मात्र परत आल्या नाहीत.

तिला घरी आणायच्या दिवशी मी रुग्णालयात गेले होते. उद्वाहनाच्या बाजूला एका मोठ्या कुंडीमागे एक पाटी दिसली. वाकून वाचली. निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी खाटा राखीव आहेत, असे तिच्यावर लिहिले होते. मी मुलाला ती दाखवली. तो म्हणाला, “बाई, ही पाटी खिडकीवर असती तर आईच्या पाटल्या आज तिच्या हातात असत्या.”

भगिनींनो, त्या पाटीवर लिहिलेले औदार्य नव्हते, तो कायदा होता. आपल्या राज्यात १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. त्यातील ४१ कक या कलमान्वये धर्मादाय रुग्णालयांनी शंभरातील १० खाटा निर्धनांना मोफत आणि १० खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. खाटांचा आकडा होता, पण खर्च कोठून करायचा आणि अनामत मागायची की नाही, यावर घोळ चाले. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रीतसर योजनाच घालून दिली. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांतील २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत बाजूला ठेवावी, तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे, असे तिच्यात स्पष्ट आहे. मागाहून उत्पन्नाच्या मर्यादा वाढल्या. निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये अशा त्या झाल्या. आपल्या या वेसाव्यात या मर्यादेत बसणारी घरे मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल.

आता संसदेकडे वळते. २००७ च्या डिसेंबरात संसदेने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा मंजूर केला. तो मांडला होता त्या वेळच्या सामाजिक न्यायमंत्री मीरा कुमार यांनी. कायदा चांगला आहे. मुलांनी आईबापांना टाकले तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे विसावे कलम रुग्णालयांविषयी आहे. सरकारी व सरकारच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनी वृद्धांसाठी वेगळी रांग ठेवावी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी खास सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. आणि खाटांविषयी काय म्हटले आहे? सर्व ज्येष्ठांना खाटा द्याव्यात, ‘शक्य तेवढे’.

हे दोन शब्द आपल्याला घरातही ठाऊक आहेत. सुनेने विचारले, “दिवाळीला माहेरी जाऊ का?” आणि सासरा म्हणाला, “शक्य तेवढे बघू,” की सून समजते, यंदा जाणे नाही! कायद्यातील ‘शक्य तेवढे’ याहून फार वेगळे नसते. ४१ कक मध्ये दहा म्हणजे दहा. न दिल्यास वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. ‘शक्य तेवढे’ मिळाले नाही, अशी तक्रार कोणी आणि कशी करायची?

बरोबर एक वर्षाने, २००८ च्या डिसेंबरात, त्याच संसदेपुढे दुसरा कायदा आला. २६ नोव्हेंबरला काय घडले, हे समुद्रकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको. मारेकरी आले ते कोळ्यांचीच एक नौका बळकावून, आणि उतरले ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत. देश संतापला होता, आणि तो संताप रास्तच होता. बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्यात, ज्याला वर्तमानपत्रे यूएपीए म्हणतात त्यात, कडक दुरुस्त्या सुचवण्यात आल्या. १६ डिसेंबरला विधेयक मांडले, १७ ला लोकसभेने आणि १८ ला राज्यसभेने मंजूर केले. न्यायालयाच्या परवानगीने आरोपीला आरोपपत्राविना १८० दिवस कोठडीत ठेवता येईल आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन मिळणार नाही, असे त्यात ठरले. त्या कलमांत ‘शक्य तेवढे’ कोठेही नाही.

माझे म्हणणे समजून घ्या. बाँब ठेवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले. त्यांतला एक आपल्या शेजारच्या जोगेश्वरीला. त्या रात्री आपल्यापैकी कित्येकींनी दारात उभ्या राहून घरच्या माणसांची वाट पाहिली. काही घरी ती आलीच नाहीत. १८० हून अधिक माणसे गेली. त्या खटल्याला मोक्का हा कडक कायदा लावला गेला. २०१५ साली खालच्या न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, आणि २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने, पुरावा टिकत नाही म्हणून, त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक तर निकालापूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ही माणसे पुन्हा तुरुंगात जाणार नाहीत, पण या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असा आदेश त्या न्यायालयाने तीनच दिवसांत दिला. एकोणीस वर्षांनंतरही ज्यांची माणसे गेली त्यांना उत्तर मिळाले नव्हते. कायद्याचे शब्द कडक असले म्हणजे खरा गुन्हेगार हाती लागतोच असे नाही, हे या खटल्याने आपल्याला शिकवले.

हे दोन्ही कायदे कधीकधी एकाच माणसाच्या दारी येऊन उभे राहतात. वरवरा राव हे तेलुगू कवी भीमा कोरेगाव प्रकरणात आरोपी म्हणून तळोजा तुरुंगात होते. वय ऐंशीच्या घरात, प्रकृती ढासळलेली. २०२० च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयात हलवले. खर्च राज्य सरकारने सोसायचा होता. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव जामीन मिळाला, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच प्रकरणातील फादर स्टॅन स्वामी यांना कंपवाताचा आजार होता. पाण्याचा पेला हातात धरवत नाही म्हणून नळी मिळावी, अशी विनंती त्यांना न्यायालयाला करावी लागली. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते आणि खटला सुरूही झाला नव्हता. आरोप खरे की खोटे, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. पण म्हाताऱ्या माणसाच्या औषधपाण्याचा प्रश्न खटल्याच्या निकालापर्यंत थांबत नाही, हे आजाऱ्याची शुश्रूषा केलेल्या आपल्यासारख्या बायकांना कोणी शिकवायला नको.

२०१९ सालीही तेच झाले. एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता यावे, अशी दुरुस्ती जुलैच्या ८ तारखेला मांडली गेली आणि २ ऑगस्टला दोन्ही सभागृहांतून पार पडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ज्येष्ठांच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आले. ते समितीकडे गेले आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित होईतो तसेच पडून राहिले. शेवटी ते बारगळले. एकाला महिनाही लागला नाही, दुसऱ्याला चार वर्षे पुरली नाहीत. वृद्धांच्या बाजूने कोणी गलका केला नाही, हेच त्याचे कारण, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, आपल्या घरी ना कोणी आरोपी, ना रुग्णालयाचे बिल थकलेले. आपल्याला काय त्याचे? भगिनींनो, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण आपल्याच आज्यांनी जात्यावर बसून केलेली आहे.

मग आपण काय करायचे? प्रथम संसदेत आणि विधानसभेत काय चालले आहे ते वाचायचे, आणि वाचताना शब्द पाहायचे. कायदा आपल्याला काही देत असेल तेव्हा त्यात आकडा आहे की ‘शक्य तेवढे’ आहे? आणि काही काढून घेत असेल तेव्हा त्याला मुदत आहे का? टाडा कायदा १९८५ साली आला तो दोन वर्षांच्या मुदतीने. दर मुदतीला संसदेत त्याचा हिशेब मागितला जाई, आणि १९९५ साली मुदत वाढवली गेली नाही म्हणून तो संपला. पोटालाही तीन वर्षांची मुदत होती. यूएपीएला अशी मुदत नाही. आपण आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचा जमाखर्चसुद्धा दरवर्षी सभेपुढे ठेवतो, आणि दोन रुपये जास्त गेले तर आपली एखादी बहीण उभी राहून विचारते. मग माणसाला वर्षानुवर्षे कोठडीत ठेवणाऱ्या कायद्याचा हिशेब का विचारू नये? आपले खासदार मते मागायला येतील तेव्हा हा प्रश्न त्यांना विचारायला कोणतीही पदवी लागत नाही.

आणि दुसरे काम आजच करता येण्याजोगे आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड देण्याची घोषणा झालेली आहे. आधार कार्डावर ते काढता येते. आमच्या मावशीकडे ते नव्हते. तिला कोणी सांगितलेच नव्हते. मंडळाने आपल्या गल्ल्यांतील सत्तरीपुढच्या बायकांची यादी करावी, त्यांची कार्डे काढून द्यावीत, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवायला सांगावे आणि जवळच्या धर्मादाय रुग्णालयांची नावे मंडळाच्या फळ्यावर लिहावीत. फळा दारात असावा, कुंडीमागे नको.

मावशीच्या पाटल्या आता परत येणार नाहीत. पण पुढच्या वाढदिवसापर्यंत या वस्तीतल्या एखाद्या म्हातारीच्या पाटल्या तिच्या हातात राहिल्या, तर हे वर्ष सत्कारणी लागले असे मी समजेन.