पोरके कामकरी

संगणकाचा प्रोग्राम मोडून पडला, तर तो निदान आपली चूक पडद्यावर लिहून जातो. पण कधीं कधीं तो मोडतही नाहीं आणि संपतही नाहीं. नुसता थांबून राहतो. रडणाऱ्या मुलाचें दुखणें लौकर कळतें, निपचित पडलेल्याचें कळत नाहीं. तसाच हा प्रकार. अशाच एका मौनाची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

ती समजण्यास यूनिक्सच्या कुटुंबव्यवस्थेची थोडी ओळख हवी. या प्रणालीचा आरंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं केला, आणि आजची लिनक्स प्रणाली तिच्याच वळणावर चालते. तींत चालू असलेल्या प्रत्येक कामास 'प्रोसेस' म्हणतात. एक प्रोसेस दुसरीस जन्म देते. पहिलीस पालक व दुसरीस अपत्य असें नांव आहे. अपत्य जन्मतें तें पालकाची हुबेहूब नक्कल होऊन, आणि पालकाच्या हातीं त्या वेळीं जें जें उघडें असेल तें सर्व वारशानें त्याच्याही हातीं येतें. पालक आधीं मेला तरी अपत्य मरत नाहीं. तें पोरकें होतें, आणि बहुधा क्रमांक १ ची प्रोसेस त्यास दत्तक घेते.

दुसरी सोय पाइपाची. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून टॉमसन यांनीं ती १९७३ सालीं यूनिक्समध्यें आणली. एका प्रोसेसनें पाइपाच्या एका टोकांतून लिहावें, दुसरीनें दुसऱ्या टोकांतून वाचावें. मात्र 'मजकूर संपला' ही खूण वाचणाऱ्यास केव्हां मिळते? लिहिण्याचें टोक ज्यांच्या ज्यांच्या हातीं आहे, त्या सर्वांनीं तें सोडल्यावर. एकानेंही तें धरून ठेविलें, तर वाचणारा वाट पाहात बसतो.

आतां असें समजावें कीं एका प्रोग्रामच्या चाचण्या रात्रीं आपोआप चालतात. मुख्य प्रोसेस चार कामकरी निर्माण करते आणि प्रत्येकास वेगळ्या पाइपांतून काम पाठविते. सर्वांचा छापावयाचा मजकूर एका सामाईक पाइपांतून 'टी' नांवाच्या छोट्या प्रोग्रामकडे जातो. तो मजकूर 'टी' पडद्यावर दाखवितो व फायलींतही उतरवितो. मध्यरात्रीं मेमरी अपुरी पडते, आणि लिनक्सचा गाभा सर्वांत अधिक मेमरी व्यापणाऱ्या मुख्य प्रोसेसला ९ क्रमांकाचा संदेश देऊन ठार करतो. हा संदेश कोणासही अडवितां येत नाहीं. आवराआवर करण्यास क्षणाचीही सवड मिळत नाहीं. सकाळीं पाहावें तों काम ना संपलेलें, ना मोडलेलें. मागच्या साऱ्या चाचण्या रांगेंत खोळंबलेल्या.

अशा वेळीं पहिला मोह यंत्र बंद करून पुन्हां सुरू करण्याचा होतो. त्यानें रांग पुढें सरकते खरी, पण पुरावा नष्ट होतो आणि तेंच संकट चार रात्रींनीं पुन्हां दारांत उभें राहतें. शहाणा तपासनीस आधीं पाहतो, मग हात लावतो.

'टॉप' या आज्ञेनें त्यास प्रथम दिसतें कीं कोणतीच प्रोसेस संगणकाचा वेळ खात नाहीं. म्हणजे कोणी एकाच फेऱ्यांत गरगरत नाहीं. सगळे कशाची तरी वाट पाहात आहेत. 'पीएस'ची यादी काढतांच मुख्य प्रोसेस नाहींशी झालेली आढळते, आणि चारही कामकऱ्यांपुढें पालकाचा क्रमांक १ असा लिहिलेला असतो. पोरकेपणाची ही खूण. 'एसट्रेस' लावून पाहावें, तर 'टी' वाचण्यांत अडकलेला. 'प्रॉक' या निर्देशिकेंत प्रत्येक प्रोसेसच्या हातांतील पाइपांचे क्रमांक मिळतात. 'टी' ज्या पाइपावर अडकला, त्याचाच क्रमांक चारही पोरक्यांच्या हातीं सांपडतो. 'टी'ला शेवटाची खूण मिळत नाहीं ती यामुळें.

पण मग कामकरी तरी कां जात नाहींत? मुख्य प्रोसेस मेली तेव्हां तिच्या हातचीं सर्व टोकें गाभ्यानें बंद केलीं. तेव्हां काम संपलें असें त्यांस कळावयास हवें होतें. खरें मर्म येथेंच आहे. जन्माच्या वेळीं प्रत्येक कामकऱ्यास वाचण्याच्या टोकाबरोबर लिहिण्याचेंही टोक वारशानें मिळालें, आणि तें त्यानें कधीं सोडलेंच नाहीं. शिवाय मागून जन्मलेल्या भावंडांपाशीं आधींच्यांच्या पाइपांचीं टोकेंही राहिलीं. जो निरोपाची वाट पाहात बसला आहे, निरोप धाडण्याचें टोक त्याच्याच मुठींत आहे. आणि ती मूठ उघडेपर्यंत निरोप संपले असें गाभा त्यास सांगणार नाहीं.

म्हणून पहिला उपाय हाच कीं, जन्मतांच प्रत्येक कामकऱ्यानें आपल्या कामाचीं नसलेलीं सर्व टोकें, स्वतःच्या व भावंडांच्या पाइपांचीं, बंद करावीं. मग पालक मेला कीं शेवटाची खूण आपोआप पोंचते. दुसरा उपाय लिनक्सपुरता. 'पीआरसीटीएल' या सिस्टिम कॉलनें अपत्यास आधींच सांगून ठेवतां येतें कीं, पालक मेल्यास अमुक संदेश मिळावा. मात्र ही विनंती करण्यापूर्वींच पालक गेलेला असला तर संदेश येत नाहीं. यासाठीं विनंतीनंतर पालकाचा क्रमांक एकदां ताडून पाहावा. पायथॉन भाषेंत अपत्यास 'डीमन' ठरविण्याची सोय आहे. पण ती पालक रीतसर संपला तरच उपयोगी पडते. ९ क्रमांकाच्या संदेशापुढें ती लटकी ठरते.

उपाय लागू पडला कीं नाहीं, हें पुढच्या रात्रीवर सोंपवूं नये. भर दिवसां मुख्य प्रोसेसला ९ क्रमांकाचा संदेश मुद्दाम द्यावा आणि 'पीएस'ची यादी पुन्हां काढावी. तींत एकही पोरका कामकरी उरला नाहीं, आणि 'टी'नेंही आपली फाईल मिटली, तरच दुरुस्ती झाली असें समजावें.