स्नायूंचा हिशोब आणि खुली संहिता



माणूस एक पाऊल टाकतो तेव्हा कोणता स्नायू किती बल लावतो? हालचाल कॅमेऱ्यांनी टिपता येते, पावलाचा जमिनीवरील दाब मोजता येतो. परंतु जिवंत माणसाच्या स्नायूतील बल थेट मोजणे बहुधा अशक्यच. म्हणून हाडे, सांधे, स्नायू व कंडरा यांचे प्रतिरूप संगणकात उभारून त्या बलाचा हिशोब करावा लागतो. जीवयांत्रिकीचे हे एक प्रमुख कार्य होय.

या हिशोबावर एखाद्या मुलाचे चालणे अवलंबून असू शकते. सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त अनेक मुले गुडघे वाकवून चालतात. मांडीमागील स्नायू आखूड आहेत असे मानून ते शस्त्रक्रियेने लांबविले जात. 1996 साली स्कॉट डेल्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची चाल संगणकीय प्रतिरूपाने तपासली, तेव्हा बहुसंख्यांत हे स्नायू चालताना आखूड नसल्याचे आढळले. सरसकट शस्त्रक्रियेचा आधारच त्यामुळे डळमळला.

अशा निष्कर्षाची छाननी इतरांना करता आली पाहिजे. डेल्प यांच्याच कामातून निघालेली ‘सिम’ ही पूर्वीची आज्ञावली व्यापारी होती. तिची मूळ संहिता वापरणाऱ्यांना खुली नव्हती. 2007 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्यांच्या गटाने ‘ओपनसिम’ पुढे आणली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे सार्वजनिक, निधी या कार्यामागे होता. आज तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी व पुढे द्यावी. उती व कूर्चा यांवरील ताणांच्या अभ्यासासाठी यूटा विद्यापीठातून निघालेली ‘फेबिओ’ही अशीच खुली आहे.

या खुलेपणाचे महत्त्व कशात आहे? एका सांध्याभोवती स्नायू अनेक असतात. भार त्यांच्यात असंख्य प्रकारे वाटला जाऊ शकतो. तेव्हा शरीर कमीत कमी श्रमाचा मार्ग निवडते, असे आज्ञावली बहुधा गृहीत धरते. आजारी मज्जासंस्था हा नियम पाळीलच असे नाही. बंद संहितेत हे गृहीतक दडून राहते; खुल्या संहितेत ते दिसते, तपासता व बदलताही येते. पडद्यावरील रंगीत, धावता सांगाडा कितीही मनोवेधक असला, तरी तो पुरावा नव्हे.

तथापि, संहिता खुली झाली म्हणजे प्रयोगशाळाही खुली झाली असे नव्हे. मोजमापाची साधने महाग आहेत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओपनकॅप’ने दोन वा अधिक स्मार्टफोनांच्या चित्रणावरून हालचालींचे विश्लेषण शक्य करून हा अडसर काहीसा कमी केला. पण प्रतिरूपांतील स्नायूंची मापे बव्हंशी मोजक्या मृतदेहांवरून घेतलेली आहेत. बालकाचे, वृद्धेचे, ओझी वाहून झिजलेल्या मजुराचे शरीर त्यांत आपोआप सामावत नाही.

म्हणून संहितेबरोबरच मोजमापे आणि प्रतिरूपेही खुली झाली पाहिजेत, आणि आजवर ज्यांची शरीरे मोजलीच गेली नाहीत त्यांची मापे त्यांत आली पाहिजेत. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले ज्ञान जनतेच्या शरीराला लागू पडावे, ही मागणी अवाजवी नव्हे.